खुलासा : मेम्ब्रेनची माझी पोस्ट चुकीची होती

मुंबईत मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प होऊ घातलाय, त्या निमित्ताने मी मेम्ब्रेनबद्दल, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्याबद्दल, लिहिलं होतं : 'नव्या मेम्ब्रेनमधून तिप्पट पाणी झिरपतं, म्हणजे वीज एक तृतीयांशच लागेल.' हे अजून ग्रुपांवर फिरतंय. गणित चुकलंय आणि चूक माझीच आहे.

मेम्ब्रेनचं साधं सूत्र असं : झिरपणारं पाणी = झिरपक्षमता × (पंपाचा दाब − परासरण दाब). परासरण दाब म्हणजे खारट पाणी गोड्या पाण्याला आपल्याकडे ओढतं तो दाब; पंपाला आधी त्यावर मात करावी लागते. मी झिरपक्षमता वाढवली आणि कंस विसरलो! लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब साधारण २७ बार असतो (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). निम्मं पाणी काढून घेतलं की उरलेलं दुप्पट खारट होतं, म्हणजे मेम्ब्रेनच्या नळीच्या शेवटाला हा दाब ५४ बारच्या आसपास जातो. मेम्ब्रेन कितीही भारी असो, नेहमीच्या एकटप्पी पद्धतीत (सगळं पाणी एकाच दाबाने ढकलतात ती) पंपाला त्याच्या वरच राहावं लागतं. निम्मं पाणी काढताना हजार लिटरमागे तात्त्विक किमान ऊर्जाच सुमारे १.०६ युनिट आहे. आजचे प्रकल्प एकूण ३ ते ४ युनिट घेतात, त्यात समुद्रातून पाणी उचलणं आणि आधीची गाळणीही आली.

तिप्पट झिरपक्षमतेची मॉडेलं समुद्राच्या पाण्यासाठी साधारण १५ टक्केच बचत दाखवतात. खरा फायदा जागेचा : तेवढ्याच पाण्याला कमी मेम्ब्रेन पुरतात. तोही मर्यादितच, कारण पाणी भराभर ओढलं की मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावर मीठ साचतं.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे आली तर कृपया पुढे पाठवू नका.