"पॉझिटिव्ह आहे का? मग नको"

कुत्रं दत्तक घ्यायला आलेल्या माणसाला हार्टवर्मचा, म्हणजे हृदयातल्या जंताचा, रिपोर्ट दाखवायचा की नाही यावरून आमच्या रेस्क्यूवाल्या मंडळींत कायम वाद होतो आणि मी पहिल्यापासून दाखवायचाच या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. न दाखवणाऱ्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही, कारण रिपोर्टवर ‘मायक्रोफायलेरिया’ (रक्तातली जंताची बारीक पिल्लं) दिसलं की समोरचा माणूस मोबाईल काढतो, गूगल करतो, त्याला कुठल्यातरी कापलेल्या हृदयाचा फोटो दिसतो, आतून शिजवलेल्या शेवयांसारखे पांढरे जंत लोंबतायत, आणि मग "ताई, घरी लहान लेकरं आहेत हो" म्हणून जो जातो तो परत फोन उचलत नाही. पण म्हणून लपवायचं? लपवून दिलेलं कुत्रं चार महिन्यांनी खोकायला लागलं की लोक ते रात्री गेटला बांधून जातात. असं झालेलं आहे.

तर हार्टवर्म. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

डिरोफिलारिया इमिटिस नावाचा जंत. मादी जवळजवळ एक फूट लांब, नर त्याच्या निम्मा. राहतो फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत, संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतो, आणि कुत्र्याच्या अंगात ५ ते ७ वर्षं आरामात जगतो. आता नीट वाचा, कारण घाबरणारे सगळे इथेच अडकतात: हा एका कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याला चाटून, हुंगून, उष्टं खाऊन होत नाही. मधे डास लागतोच. डासाने आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलं की बारीक पिल्लं त्याच्या पोटात जातात, तिथे उकाड्यात दहा-चौदा दिवस वाढतात, आणि मग तो डास दुसऱ्याला चावला तरच पुढचं. चावल्यानंतरसुद्धा पूर्ण मोठा जंत व्हायला सहा-सात महिने. माणसाच्या अंगात हा जंत बहुतेक वेळा वाढायच्या आधीच मरतो, फार क्वचित फुफ्फुसात एखादी गाठ सापडते, आणि तीसुद्धा डासामुळे, तुमच्या सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यामुळे नाही.

सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये खरं तर. आपला जिल्हा हत्तीरोगाच्या यादीत आहे. आरोग्यखात्याची माणसं घरोघरी येऊन डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायची, रात्रीच्या वेळी बोटातून रक्त घेऊन जायची कारण ते जंत रात्रीच वर रक्तात येतात, हे सगळं आपण बघितलंय. हत्तीरोगाचा जंत वेगळा पण घराणं एकच आणि वाहन पण एकच, डास. शेजारच्या काकूंचा पाय सुजलाय म्हणून त्यांच्याशी बोलणं कुणी बंद करत नाही ना. मग कुत्र्याच्या वेळेसच काय होतं आपल्याला.

आणि डासांचं म्हणाल तर आपल्या गावाने त्यांना आमंत्रणच दिलंय. चार-पाच दिवसाआड पाणी, मग घरोघरी हौद, पिंपं, बॅरल, गच्चीवर टाक्या, झाकण असेल नसेल. साठवलेल्या चांगल्या पाण्यात एक जात वाढते, गटारीत दुसरी, आणि हा जंत दोघीही नेऊ शकतात. थंडी म्हणावी अशी थंडी इथे पडतच नाही, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळेला दोन-चार आठवडे स्वेटर निघाले तर निघाले. थंड देशात हिवाळ्यात डासाच्या पोटातली वाढ थांबते तरी, आपल्याकडे बारा महिने सीझन.

असं असलं तरी एक स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या प्रत्येक खोकणारं कुत्रं घेऊन लोक येतील. आमच्याकडे जी येतात त्यांच्यात गोचीडताप कितीतरी जास्त दिसतो. हृदयातला जंत आपल्या देशात मुख्यतः ईशान्येकडे सापडतो. केरळ आणि त्या किनारपट्टीला त्याचा चुलतभाऊ आहे, डिरोफिलारिया रेपेन्स, तो कातडीखाली राहतो, हृदयात जात नाही. म्हणजे रक्ताच्या थेंबात वळवळ दिसली की तो हार्टवर्मच, असं अजिबात नाही. आमच्या डॉक्टरांनी एकदा मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं होतं. ताज्या रक्ताचा थेंब, सगळ्या लाल पेशी शांत पडलेल्या, आणि एका कोपऱ्यात त्या पेशींना कुणीतरी आतून ढुशा मारतंय, जंत नीट दिसतसुद्धा नाही, आधी धक्काबुक्कीच दिसते. डॉक्टर म्हणाले, हा एका जागीच वळवळतोय बघा, दुसरा एक निरुपद्रवी असतो तो सरळ पळत सुटतो स्लाइडवरून. पण एवढ्यावर ठरवायचं नाही म्हणाले, अँटिजन टेस्ट करायची. ती टेस्ट मोठ्या मादी जंताची खूण पकडते, त्यामुळे सहा-सात महिन्यांच्या आतल्या पिल्लावर ती करून उपयोग नाही, आणि मोठ्या कुत्र्याची निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी परत करावी लागते, मधल्या काळात वाढत असलेले जंत तिला दिसत नाहीत. नुसता स्लाइडचा रिपोर्ट बघून पळणाऱ्यांनो, तुम्ही कशाला घाबरलात तेच तुम्हाला माहीत नसतं.

आमच्याकडे जी खरोखर पॉझिटिव्ह निघाली ती चटणी. (शेंगाचटणीच्या रंगाची आहे म्हणून. नाव मी ठेवलेलं नाही.) आसामकडून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाने इथून पुढे जाताना सोडून दिलेली. कुत्रं प्रवास करतं तेव्हा जंतही तिकीट न काढता येतो. अमेरिकेत २००५ला कॅटरिना वादळ आलं तेव्हा लुइझियाना-मिसिसिपीकडची हजारो कुत्री देशभरच्या शेल्टरांत हलवली आणि त्यांच्यातली बरीच हार्टवर्मवाली होती. पण तिथली अनेक शेल्टरं आज काय करतात, तर पॉझिटिव्ह कुत्रं बाद करत नाहीत, उपचार चालू असतानाच घरी देतात, कागदावर सगळं लिहून.

आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. घर हे उपचार संपल्यावर द्यायचं बक्षीस नाही, ते उपचाराचाच भाग आहे. कसं ते सांगते. मोठे जंत मारायचं जे मान्य औषध आहे, मेलारसोमिन, ते आर्सेनिकपासून केलेलं, कंबरेजवळच्या स्नायूत खोलवर तीन इंजेक्शनं, आधी एक, महिन्याने चोवीस तासांच्या अंतराने दोन. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर सहसा दुसऱ्या वाटेने जातात, महिनाभर डॉक्सीसायक्लिन आणि जोडीला दर महिन्याला मानेवर टाकायचं मॉक्सिडेक्टिन. डॉक्सी कशाला, तर त्या जंताच्या अंगात वॉल्बाकिया नावाचा एक जिवाणू असतो, त्याच्यावाचून जंताचं चालत नाही, आधी तो मारायचा म्हणजे जंत खंगतो. या वाटेने वेळ फार लागतो, वर्षभर, कधी जास्त. पण दोन्ही वाटांना एक अट सारखी आहे: कुत्र्याने पळायचं नाही. मेलेला जंत तिथल्या तिथे विरघळत नाही हो, त्याचे तुकडे होतात, ते रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊन अडकतात, आणि कुत्रं जोरात पळालं की रक्ताचा जोर वाढून तिथेच घात होतो.

आता शेल्टरमधे दुपारी भाताचं पातेलं येतं तेव्हाचा सीन डोळ्यासमोर आणा. पातेल्याचा आवाज लांबून आला की पहिलं भुंकतं, मग सगळा पत्रा हादरतो, जाळीवर पंजे, उड्या, एकमेकांच्या अंगावर. चटणी सगळ्यात पुढे. आमचा मामा तिला धरून बसतो आणि म्हणतो, "ताई, हिला बसवायलोय पण बसंना झालंय." कशी बसेल? शेजारी चाळीसजण नाचतायत. तेच एका शांत घरात, फरशीवर, पंख्याखाली, दिवसातून दोनदा पट्टा लावून गल्लीच्या टोकापर्यंत, एवढंच पाहिजे तिला. म्हणजे ज्या आजारामुळे लोक नको म्हणतात त्या आजाराला औषध म्हणून घरच लागतं, आणि घर मिळत नाही म्हणून आजार लांबतो. जुळे सोलापूरला, विजापूर रोडला दोन-दोन खोल्या रिकाम्या पडलेली रिटायर्ड मंडळी आहेत, ज्यांना पळणारं कुत्रं झेपत नाही असं ते स्वतःच म्हणतात. अहो मग हीच घ्या की! हिला पळायला बंदीच आहे.

कॉमेंटमधे येणारे दोन प्रश्न आधीच उरकते. एक, "ढोरांचं आयव्हरमेक्टिन घरी पडलंय, टोचू का?" नाही. औषध भारी आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५चं नोबेल मिळालंय, पण कुत्र्याला हार्टवर्म होऊ नये म्हणून जो महिन्याचा डोस आहे तो किलोला ६ मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या कुत्र्याला ९०. ढोरांच्या एक टक्क्याच्या बाटलीत एका एमएलमधे १०,००० मायक्रोग्रॅम असतं. अर्धा एमएल "अंदाजाने" टोचलं म्हणजे पन्नासपटीच्या वर गेलात, आणि कुत्र्याच्या अंगात कोली (Collie) या विलायती जातीचं रक्त असेल तर ते औषध थेट मेंदूत शिरतं. वर रक्तात जंताची पिल्लं भरलेली असतील तर ती एकदम मरून कुत्रं शॉकमधे जाऊ शकतं. दोन, "हत्तीरोगाच्या गोळ्या उरल्यात, त्या देऊ का?" अजिबात नाही, डीईसी पॉझिटिव्ह कुत्र्याला दिली तर तसाच शॉक बसतो, त्याहून वाईट. आणि उरल्यात कशा मुळात? तुम्ही खायच्या होत्या ना त्या.

मांजरांचं सगळंच वेगळं आहे आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मांजराच्या अंगात जंत एक-दोनच निघतात, तेही दोन-तीन वर्षंच जगतात, रक्तात पिल्लं बहुधा सापडतच नाहीत, त्यामुळे टेस्ट चुकते. एकच नर असेल तर अँटिजन टेस्ट गप्प बसते. लक्षणं म्हणाल तर धाप, खोकला, मधेच उलटी, जे बघून कुणीही दमा म्हणेल नाहीतर केस गिळले म्हणेल. कुत्र्याचं ते आर्सेनिकचं औषध मांजराला चालत नाही, मोठा जंत मारायला मान्य औषधच नाही, सूज कमी ठेवायची आणि जंत आपोआप मरायची वाट बघायची, आणि तो मरतानाच कधीकधी मांजर घेऊन जातो, सकाळी खेळत होतं आणि दुपारी गेलं असं. त्यामुळे "मांजराचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा" म्हणणाऱ्यांना मी सांगते, दाखवते, पण त्याच्यावर विसंबू नका, दर महिन्याचं मानेवरचं औषध चालू ठेवा. फ्लॅटमधलं मांजर असलं तरी. डास लिफ्टने येत नाही असं थोडंच आहे.

पिल्लांना हे महिन्याचं औषध आठ आठवड्यांपासून सुरू करता येतं, वजन करून, डॉक्टरांना विचारून. उपचाराच्या पुढे हा खर्च काहीच नाही. मोठ्या कुत्र्याला मात्र आधी टेस्ट, मग औषध.

शेल्टरवर सध्या आम्ही पाण्याचे हौद आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडे करून घासतोय, भांडी रोज पालथी करतोय, आणि पॉझिटिव्ह किंवा शंका असलेल्या जनावरांच्या खोलीला जाळी मारायची आहे, म्हणजे डासाला त्यांचं रक्त मिळायलाच नको. शहराच्या पूर्वभागात ज्यांचे कारखाने आहेत, दुकानं आहेत, त्यांच्याकडे मच्छरदाणीच्या कापडाचे कटपीस पडले असतील तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. हिरवी शेडनेट नको, ती आहे आमच्याकडे भरपूर, तिच्यातून डास आरामात आत येतो. जुने टेबलफॅन चालतील, आवाज करत असले तरी चालतील.