नांदणी की कोल्हापूर?

कर्नाटकचं ते जातीचं सर्वेक्षण २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालं, पण आमच्या चिकोडीकडच्या भावकीतला वाद अजून मिटलेला नाही. धर्माच्या रकान्यात 'जैन', इथवर सगळे एक. जातीच्या रकान्यात काय? कुणी म्हणतं चतुर्थ, कुणी नुसतं दिगंबर. आणि थोरले अण्णा ठणकावून सांगतात, "आपल्यात जात कधी नव्हतीच." इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं.

नव्हती कशी? चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ, उपाध्ये. पंगत एक, सोयरीक नाही. चतुर्थांचे स्वामी, म्हणजे मठाचे भट्टारक, नांदणीला, पंचमांचे कोल्हापूरला. १८९९ साली स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा निघाली, अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या पिढीनं समाज एक व्हावा म्हणून घसा कोरडा केला, तो काय उगाच?

बरं, लपवायचं तरी काय? चतुर्थ-पंचमांत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागायचा, उपाध्यांत नाही. आमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचा लागला, तो रात्री, परसदारी, चार माणसांत. वाजंत्री नाही, हळद नाही. पण बाई पुन्हा नांदली, चार एकर ऊस तिनं स्वतः उभा केला. हे मिरवायचं सोडून अण्णा म्हणतात, "ते बाहेर कशाला सांगायचं?"

इथं लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी एका छपराखाली आहेत. लंडनजवळच्या पॉटर्स बारच्या ओसवालांनी तर संस्थेच्या नावातच ओसवाल हे जातीचं नाव घातलंय, कुणाला संकोच नाही. पर्युषणात एक गुजराती काकी मला म्हणाल्या, "जैन अने खेती?" मी उसाचं सांगितलं, निपाणीच्या तंबाखूचं गिळलं. मनात म्हटलं, काकी, गल्ल्यावर बसून अहिंसा कुणीही पाळेल, नांगरामागं चालून पाळून दाखवा.

मात्र देरासरात स्तवनं गुजरातीत, प्रसाद गुजराती, आणि मी पाहुणा तो पाहुणाच. २०२१ च्या सेन्ससमध्ये 'इतर धर्म' या चौकटीत हातानं 'जैन' लिहिलं. पुढं कुणी काही विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परवा मेल्टन रोडवर एक पाटील भेटले, सदलग्याकडचे. जात विचारणं आपल्याला शोभत नाही, म्हणून मी विचारलं, "स्वामी कुठले तुमचे? नांदणी की कोल्हापूर?" ते नांदणी म्हणाले, तसा मी दुसरा चहा सांगितला.