कापडी डायपरांची गळती आणि वास: आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातून नेलेल्या कापडी डायपरांच्या संचाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय बारकाईने वाचला. आपल्या तक्रारी अशा आहेत: दोन महिन्यांतच डायपर कडेने गळू लागले, सकाळी रात्रीचा डायपर काढला की डोळ्यांना झोंबेल असा वास येतो, बाळाच्या जांघेत लाली आली, सासूबाईंच्या सांगण्यावरून सगळे डायपर साबण आणि जंतुनाशक घालून उकळले, तेव्हा बाहेरच्या दोन जलरोधक कव्हरांचे आतले अस्तर सुटले, म्हणून माल हलका आहे. बाळाला त्रास झाला म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच जिवाला घोर लागतो, त्यामुळे आपला राग आम्हाला समजतो. परंतु या तक्रारींचे मूळ कापडाच्या दर्जात नाही, पाण्यात आणि धुण्याच्या पद्धतीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे इथे सविस्तर मांडतो, कारण इंदूरमधल्या इतर पालकांनाही हीच अडचण येते.

आपणच लिहिले आहे की नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, म्हणून ते पाणी स्वयंपाकासाठी आणि पिण्यासाठी राखून धुणे बोरिंगच्या पाण्यात होते. सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका वाक्यात आहे. माळव्याच्या काळ्या खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बहुधा भरपूर असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा. आपल्याकडच्या कित्येक बोरिंगचे पाणी पहिल्या मर्यादेच्या बरेच वर असते. अशा पाण्यात साबणाची वडी वापरली की फेस कमी येतो आणि साबण व क्षार मिळून न विरघळणारी चिकट साय तयार होते. बादलीच्या कडेला जो पांढरट, ओशट थर आपण खरवडून काढतो, तोच थर डायपरच्या आतल्या इन्सर्टच्या, म्हणजे लघवी शोषणाऱ्या सुती घडीच्या, धाग्याधाग्यावर बसतो. साडी किंवा शर्टाच्या बाबतीत तो फार तर कापड निबर करतो, पण इन्सर्टचे कामच पाणी शोषण्याचे असल्यामुळे तिथे तो घातक ठरतो. लघवी आत मुरण्याऐवजी वरून घरंगळते आणि मांडीच्या कडेने बाहेर येते. इन्सर्ट मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घालत असल्याचेही आपण लिहिले आहे. कापड मऊ लागावे म्हणून कंडिशनर धाग्यावर मेणचट लेप चढवतो; तो या थरावर आणखी एक थर झाला.

याची खात्री घरीच करता येईल. धुऊन वाळलेला एक इन्सर्ट ताटात पसरावा आणि त्यावर चमच्याने साधे पाणी सोडावे. पाणी लगेच आत गेले तर कापड निरोगी आहे. अळवाच्या पानावर राहावे तसे थेंब वर उभे राहिले तर थर बसला आहे. मग तोच इन्सर्ट साबण न घालता गरम पाण्यात चुबकून पाहावा. पाणी दुधाळ झाले किंवा त्यावर फेस आला, तर जुना साबण अजून कापडातच आहे.

वासाचे कारणही हेच. ताज्या लघवीला एवढा उग्र वास नसतो. नीट न निघालेल्या थरात जिवाणू टिकून राहतात आणि ते लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. रात्रभर बांधलेल्या डायपरमध्ये त्यांना त्यासाठी भरपूर वेळ मिळतो. अमोनियामुळे त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते, शीतले पाचक रस अधिक प्रखर होतात आणि लाली येते. त्यात जंतुनाशकाचा अंश कापडात राहिला तर कोवळ्या कातडीचा दाह वाढतो. म्हणून जंतुनाशक आजपासूनच बंद करावे, ही आमची कळकळीची विनंती आहे. कोणी ब्लीच सुचवले तरी लघवीच्या कपड्यांवर ते कधीही ओतू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. बाळाला दिवसा दर दोन-तीन तासांनी कोरडे करावे. लाली दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, किंवा घड्यांमध्ये बारीक लाल पुरळ दिसले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता उकळण्याविषयी. सासूबाईंचा सल्ला सुती लंगोटांसाठी आणि दुपट्यांसाठी अगदी योग्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती बाळुती अशीच स्वच्छ राहिली आहेत. आपल्या संचातले कव्हर मात्र पॉलिस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवून केलेले असते. साधारण ६० अंशांपलीकडच्या उष्णतेत हा पापुद्रा सुटू लागतो आणि इलॅस्टिक सैल पडते. संचाबरोबरच्या मराठी-हिंदी पत्रकात कव्हर उकळू नये, इस्त्री करू नये, असे ठळक छापलेले आहे. म्हणून ती दोन कव्हरे बदलून देणे आम्हाला शक्य नाही. इन्सर्टची गोष्ट वेगळी आहे. ते निव्वळ सुती आहेत आणि पुन्हा पहिल्यासारखे होऊ शकतात, याची आम्हाला खात्री आहे.

त्यासाठी नळ येईल त्या दिवशी नर्मदेचे पाणी बाजूला काढावे. फक्त इन्सर्ट कडकडीत पाण्यात कपडे धुण्याची पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा घालून चार-पाच तास भिजवावेत, अधूनमधून हलवावेत, आणि मग फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत साध्या पाण्यातून काढावेत. बोरिंगच्या पाण्यात हा उपाय करू नये. सोड्याने पाण्यातला कॅल्शियम वेगळा होतो खरा, पण त्याची भुकटी कापडातच अडकण्याचा संभव असतो.

रोजच्या धुण्यात वडीऐवजी पावडर वापरावी, कारण तिची तशी साय होत नाही. बोरिंगचे पाणी असेल तर ती थोडी जास्तच घालावी. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर घालण्याची सवय वास वाढवते. इन्सर्ट कव्हरच्या खिशातून बाहेर काढून आधी गार पाण्यातून काढावेत, कारण गरम पाण्याने शीचे डाग पक्के होतात. मग कोमट पाण्यात पावडरने धुणे, आणि शेवटचे खळबळणे शक्य असेल तेव्हा नर्मदेच्या पाण्यात. वापरलेले डायपर बादलीत भिजत ठेवू नयेत; उघड्या टोपलीत कोरडे ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत धुवावेत. इन्सर्ट कडक उन्हात आणि कव्हर सावलीत वाळवावे. रॅशचे क्रीम किंवा खोबरेल लावायचे झाल्यास मध्ये मलमलीचा तुकडा घालावा, नाहीतर तेलकटपणा पुन्हा इन्सर्टवर बसेल.

यापेक्षा फेकून द्यायचे डायपर बरे, असे आपण शेवटी म्हटले आहे. प्रवासात किंवा लाली बरी होईपर्यंत रात्री ते वापरण्यात काहीच गैर नाही. मात्र ते गुंडाळून महापालिकेच्या गाडीतल्या वेगळ्या कप्प्यातच टाकावेत.

आपण सगळे इन्सर्ट दुकानात घेऊन यावे. वर सांगितलेली प्रक्रिया आम्ही स्वतः, विनाशुल्क करून देऊ आणि चमच्याच्या पाण्याची तीच परीक्षा आपल्यासमोर घेऊ. त्यानंतरही पाणी वर उभे राहिले, तर इन्सर्टची पूर्ण किंमत परत मिळेल. येण्यापूर्वी ते पुन्हा धुऊ नयेत, जसे आहेत तसेच आणावेत. आणि बोरिंगचे पाणी एका बाटलीत भरून आणले, तर आपल्या घरी पावडर किती लागेल तेही पाहून सांगता येईल.