दर आठवड्याला एकदा तरी कुणीतरी मुलाकडे पाहावं, यासाठी

ताई, तुमची प्रतिक्रिया मी सावकाश, शेवटपर्यंत वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने 2024 साली सायबर चार्टर शाळांना (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्वतंत्र कारभाराच्या ऑनलाइन शाळांना) ‘वेलनेस चेक’, म्हणजे मूल ठीक आहे ना याची दर आठवड्याची विचारपूस, बंधनकारक केला, त्याचं मी मागच्या लेखात समर्थन केलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा नियम प्रत्येक आईबापाला संशयित ठरवतो आणि सरकार कॅमेऱ्यातून घरात शिरतं. दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलने कुठलंच मूल वाचत नाही, कारण छळणारा माणूस लॅपटॉपच्या पलीकडेच उभा असतो. नियम फक्त सायबर चार्टर शाळांनाच लावला, कारण डिस्ट्रिक्टना (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) त्या शाळा बंद पाडायच्या आहेत. परदेशातून आलेल्या आपल्यासारख्या घरांना याचा जाच सगळ्यात जास्त होणार, ‘नॉर्वेत काय झालं ते विसरलात का?’ आणि आज हे, तर उद्या इलिनॉय राज्यासारखी मानसिक आरोग्याची तपासणी.

तुमचा मुलगा वर्गातल्या दांडगाईला कंटाळून सायबर चार्टरला गेला आणि तिथे सावरला, हेही तुम्ही लिहिलंत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. या शाळांनी अशा कितीतरी मुलांना आसरा दिलाय. त्या असू नयेत असं मी कधी म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही.

आधी कलमात काय आहे ते पाहू. जुलै 2024 मध्ये राज्यपाल जॉश शापिरो यांनी सही केलेल्या ‘ॲक्ट 55’मध्ये ते आहे. ज्या आठवड्यात शाळेचे निदान तीन दिवस भरतात, मग ते पूर्ण असोत की अर्धे, त्या आठवड्यात एकदा तरी शाळेच्या शिक्षकाने, प्रशासकाने किंवा दुसऱ्या प्रतिनिधीने विद्यार्थ्याला समोरासमोर किंवा पडद्यावर पाहायचं आणि त्याच वेळी त्याच्याशी बोलायचं. मूल ठीक आहे ना आणि खरंच शिकतंय ना, एवढंच बघायचं आहे. घराची झडती, पोलीस, प्रश्नावली असलं काही त्यात नाही.

आता संशयाबद्दल. राज्यातल्या साध्या शाळेत मूल वर्षाला साधारण 180 दिवस जातं. रोज सकाळी कुणीतरी त्याचं नाव पुकारतं, त्याच्या तोंडाकडे बघतं, डबा खाल्ला का ते बघतं, लंगडतोय का ते बघतं. याला आपण कधी पाळत म्हटलं नाही. आईबापांवरचा अविश्वास तर नाहीच म्हटलं. सायबर चार्टरना 2002 च्या कायद्याने मान्यता मिळाली तेव्हा शिकवणं घरी आलं, पण हे रोजचं बघणं मागे राहून गेलं. रेकॉर्ड केलेला धडा मूल हवा तेव्हा ऐकतं, गृहपाठ अपलोड होतो, लॉगिन झालं की हजेरी लागते. लॉगिन कोणीही करू शकतं. शाळेकडे त्या मुलाचे सगळे गुण असतात, पण महिना-महिना त्याला कुणी पाहिलेलंच नसतं, असं घडू शकत होतं. ही पोकळी होती आणि कायद्याने ती थोडीशी भरली. ‘थोडीशी’ का म्हणते, ते पुढे येईलच.

शाळेतली माणसं मुलांना पाहायची थांबली की काय होतं, हे आपण सगळ्यांनी करोनाच्या वर्षात पाहिलं. पेनसिल्व्हेनियात ‘चाइल्डलाइन’ या हॉटलाइनकडे 2019 मध्ये मुलांच्या छळाच्या सुमारे 42 हजार तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. 2020 मध्ये त्या 33 हजारांच्या आसपास आल्या. त्या वर्षी घरं अचानक प्रेमळ झाली असं कुणीच मानलं नाही. बघणारे डोळेच कमी झाले होते. आणि ज्या मे महिन्यानंतर दोन महिन्यांत हे कलम आलं, त्याच मे 2024 मध्ये चेस्टर काउंटीत 12 वर्षांची एक मुलगी उपासमार आणि मारहाणीने गेली. वडील आणि त्यांची जोडीदार यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला. ती घरून ऑनलाइन शिकत होती. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या एका मृत्यूमुळेच कायदा झाला असा माझा दावा नाही. पण तिची बातमी वाचल्यावर ‘आठवड्यातून एकदा पाहणं म्हणजे अतिरेक’ हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही.

तुमचा सगळ्यात जड मुद्दा दोन मिनिटांच्या कॉलचा आहे, आणि तो बरोबर आहे. घाबरलेलं मूल पडद्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणणार, बाही खाली ओढून बसणार. कॅमेऱ्यात खांद्याच्या वरचंच दिसतं. एका कॉलमधून काहीही कळणार नाही, हे मला मान्य आहे.

पण कायदा एक कॉल मागत नाही, दर आठवड्याला मागतो. चाळीसएक आठवड्यांत त्याच मुलाला पाहणाऱ्या बाईंना काय दिसतं ते मी स्वतः अनुभवलंय. आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. करोनात तो वर्ग झूमवर गेला. बाराखडी घेता घेता मुलांचे चेहरे पाठ झाले होते. एरवी सगळ्यांच्या आधी हात वर करणारी एक छोटी काही रविवार गप्प बसायला लागली, मग कॅमेराही बंद ठेवायला लागली. वर्ग संपल्यावर तिला थांबवून सहज विचारलं, तेव्हा कळलं की पुण्यातली आजी गेली होती आणि विमानं बंद असल्यामुळे घरातलं कुणीच जाऊ शकलं नव्हतं. आईवडील स्वतःच इतके खचले होते की लेकीचं गप्प होणं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. छळ वगैरे तिथे काहीच नव्हतं. एका मुलीला दुःख झालं होतं आणि ते कुणाच्या तरी नजरेस पडायला हवं होतं. मी तिच्या आईला फोन केला. त्या घराला माझा राग आला नाही, उलट आधारच वाटला. वेलनेस चेकचा बहुतेक उपयोग असाच होईल, असं मला वाटतं. भयंकर काही उघडकीला येणं क्वचितच घडेल. गप्प झालेली, रात्रभर जागणारी, अभ्यासात बुडू लागलेली मुलं मात्र वेळेवर लक्षात येतील.

आणखी एक. कॉल चुकणं हीसुद्धा माहितीच असते. दर वेळी ‘झोपलाय’, ‘इंटरनेट नाही’, ‘आजोळी गेलाय’ अशी उत्तरं यायला लागली की शाळेला प्रश्न पडायला हवा. हे कलम येण्याआधी तो प्रश्न पडायची वेळच यायची नाही, कारण मुलाला भेटणं कुणाचं कामच नव्हतं.

माझी तक्रार उलट्या बाजूने आहे. कलम फार पातळ आहे. ‘शाळेचा प्रतिनिधी’ म्हणजे कोण? दर आठवड्याला नवा माणूस येऊन यादीवर खूण करणार असेल तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. मुलाला ओळखणारी तीच व्यक्ती वर्षभर असायला हवी. मधूनमधून मुलाशी एकट्याने बोलायची सोय हवी, आणि ती प्रत्येकासाठी सारखी हवी, म्हणजे कुणा एका घरावर बोट ठेवल्यासारखं होणार नाही. वर्षातून काही वेळा समोरासमोर भेट हवी. ग्रंथालयात, शाळेच्या केंद्रात, कुठेही. दोन मिनिटं अपुरी आहेत हे मान्य करूनही मी ती काढून टाका म्हणू शकत नाही. ती वाढवा म्हणेन.

फक्त सायबर चार्टरनाच का? विटांच्या इमारतीत भरणाऱ्या चार्टर शाळा मुलांना रोज पाहतातच, त्यांना हे कलम लागू नाही. स्वतः घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी 1988 पासून वेगळा कायदा आहे. त्यात वर्षाअखेरीला मूल्यमापक मुलाच्या कामाची वही तपासतो आणि मुलाची मुलाखतही घेतो. मोकळी राहिलेली जागा सायबरची होती. मात्र डिस्ट्रिक्ट स्वतः जे पूर्ण ऑनलाइन वर्ग चालवतात, त्यांनाही हाच नियम लागू असावा, आणि यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मूल एकटं असेल तर शाळा कुणाची, हा प्रश्न गैरलागू आहे.

पैशाचं भांडण खरं आहे. मुलामागे डिस्ट्रिक्टला सायबर चार्टरला फी द्यावी लागते. राज्याचे महालेखापरीक्षक टिमोथी डीफूर यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये पाच सायबर चार्टरांचं ऑडिट मांडून निधीचं सूत्र बदलायला सांगितलं. त्याच वर्षी राज्याच्या प्रतिनिधीगृहाने फीवर 8,000 डॉलरची मर्यादा घालणारं विधेयक मंजूर केलं. त्यावर तुम्ही जरूर लढा, तुमचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. पण आठवड्याच्या या भेटीने कुठल्याही शाळेच्या फीतला एक डॉलरही कमी होत नाही.

आता नॉर्वे. स्टॅव्हॅंगरमध्ये 2011 मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने नेली. हाताने भरवणं, मुलाला आपल्याजवळ झोपवणं अशा गोष्टीही त्या वेळी चर्चेत आल्या. 2012 मध्ये मुलं भारतात काकांकडे आली आणि 2013 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने ती आईकडे सोपवली. ही धास्ती आपल्या प्रत्येक घरात आहे. माझ्याही घरात होती. म्हणून मी तिला उडवून लावत नाही. तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली असतीत तर तीही खरीच ठरली असती: पेनसिल्व्हेनियात नोंदलेल्या तक्रारींपैकी दहातल्या जेमतेम एक-दोन प्रकरणांत छळ सिद्ध होतो. म्हणजे बाकीच्या घरांना चौकशीचा ताप होतोच.

तरीही दोन गोष्टी एकत्र मिसळू नयेत. पडद्यावर तुमच्या मुलाशी बोलणाऱ्या बाईंना मूल नेण्याचा कसलाही अधिकार नाही. त्या ‘मँडेटेड रिपोर्टर’ आहेत, म्हणजे संशयाला वाजवी कारण असेल तर कळवायला बांधील आहेत. आणि त्या आधीपासूनच तशा होत्या, हे कलम आलं म्हणून झाल्या नाहीत. मराठी शाळेत शिकवणारी मीही तशीच आहे. मुलांसोबत नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांना या राज्यात बालछळ नोंदीचा आणि पोलिसांचा दाखला काढावा लागतो, तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मूल घरातून तात्पुरतं हलवलं तर 72 तासांच्या आत न्यायालयासमोर सुनावणी लागते. पालकाच्या हाताबाहेरच्या गरिबीला, म्हणजे अपुऱ्या घराला वा कपड्यांना, इथला कायदा छळ मानत नाही. वरणभात हाताने भरवण्याचा तर कुठे उल्लेखही नाही. मला वाटतं, जी बाई वर्षभर तुमच्या मुलाशी बोलते, त्याला ओळखते, ती गैरसमजापोटी तक्रार करण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा कमीच आहे. आपल्या घरांना भीती वाटायला हवी ती न ओळखणाऱ्यांची. ओळख वाढण्यात आपलंच संरक्षण आहे.

इलिनॉयचं थोडक्यात. जुलै 2025 मध्ये तिथे सही झालेला कायदा तिसरी ते बारावीच्या मुलांची वर्षातून एकदा मानसिक आरोग्य चाचणी सांगतो, 2027-28 पासून, आणि पालकांना नकार द्यायची मुभा आहे. ती मनात काय चाललंय ते विचारणारी प्रश्नावली आहे आणि तिचे फायदे-तोटे वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियाचं कलम मुलाच्या मनाबद्दल एकही प्रश्न सक्तीचा करत नाही. एकाच्या विरोधात असणाऱ्याने दुसऱ्याच्या विरोधात असलंच पाहिजे असं नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या मुलाच्या शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा. दर आठवड्याला त्याला कोण पाहतं आणि ती व्यक्ती वर्षभर तीच असते का? कॉल चुकला तर पुढचं पाऊल काय, आणि किती दिवसांत? काही खटकलं तर शाळा आधी पालकांशी बोलते, की थेट चाइल्डलाइनला कळवते, आणि कुठल्या परिस्थितीत कुठलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पालकाला आधीच माहीत असायला हवं, तुमची निम्मी धास्ती तिथेच आहे. उत्तर आलं की इथे लिहा, शाळेचं नाव न घालता. दुसऱ्या पालकांनीही विचारलं तर कुठल्या शाळा हे मनापासून करतात आणि कुठल्या फक्त खूण करतात, ते आपल्याला कळेल. मग या कलमात काय बदलायचं ते तुम्ही-मी मिळून आपल्या आमदारांना लिहू शकतो.