तिकिटावरचं ‘एम’ आणि ‘पी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रियेबद्दल आभार, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल माफी.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की इजिप्त आणि सीरिया हे दोन देश एक करून १९५८ साली झालेलं ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ घरच्याच लोकांनी बुडवलं. आपले आक्षेप तीन. अरब ऐक्याला मी ओघात ‘मुस्लिम राजकारण’ म्हटलं. १९१६ साली अरब प्रदेश वाटून घ्यायला नकाशावर रेघा मारणाऱ्या इंग्रज-फ्रेंचांना मी मोकळं सोडलं. आणि ज्या मराठी माणसानं भाषेसाठी संयुक्त महाराष्ट्र मिळवला, त्यानं तरी या स्वप्नाची टिंगल करू नये.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. अरब ऐक्य मागणाऱ्या सीरियातल्या बाथ पक्षाच्या संस्थापकांपैकी मिशेल अफलाक दमास्कसचा ख्रिश्चन होता, आणि हे माहीत असूनही मी तसं लिहिलं. वाक्य काढून टाकलंय.

रेघांचं म्हणाल तर त्या होत्याच, आणि वाईट होत्या. पण इजिप्त-सीरियामध्ये ती रेघ कुठे होती? इजिप्त १८८२ पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होता. १९५८ साली दोघांची हद्दसुद्धा एकमेकांना लागत नव्हती, मध्ये इस्रायल. परक्यांनी पाय ओढले हेही खरं. सौदीच्या राजानं इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर याच्या खुनासाठी लाच देऊ केली, असं सीरियाचा गुप्तहेर प्रमुख सर्राज यानं चेकच्या नकला दाखवून सांगितलं होतं. आता हा राजाही अरबच, त्याला परका म्हणायचं की घरचा, ते आपणच ठरवा.

माझा मुद्दा लग्न मोडलं कसं हा नाही, जुळलं कसं हा आहे. जानेवारी १९५८ मध्ये सीरियाचे लष्करी अधिकारी आपल्याच सरकारला न विचारता विमानानं कैरोला गेले आणि नासरला म्हणाले, आम्हाला पदरात घ्या. नासरनं तोवर सीरियात पाऊलही ठेवलं नव्हतं! त्याच्या अटी साफ होत्या: संघराज्य वगैरे नाही, पूर्ण विलीनीकरण, सगळे पक्ष बरखास्त, लष्करानं राजकारण सोडायचं. महिन्याभरात सार्वमत, जवळजवळ शंभर टक्के होकार. दमास्कसला नासर आला तेव्हा उसळलेली गर्दी मात्र खरी होती, ती कुणी ट्रकमधून आणली नव्हती. टिंगल मी त्या गर्दीची करत नाहीये.

आता एक घरगुती पुरावा. लहानपणीच्या माझ्या तिकिटांच्या वहीत ‘यूएआर’ (संयुक्त अरब प्रजासत्ताकाचं इंग्रजी लघुरूप) असं छापलेली टपालाची तिकिटं आहेत. काहींवर किमतीपुढे ‘एम’, काहींवर ‘पी’. ‘एम’ म्हणजे इजिप्तचं मिलिम, ‘पी’ म्हणजे सीरियाचं पियास्तर. राज्य एक, झेंडा एक, राष्ट्राध्यक्ष एक, पण टपालाचा गल्ला वेगळा, कारण दोन्हीकडचं चलन, इजिप्तचा पाउंड आणि सीरियाचा पाउंड, शेवटपर्यंत वेगळंच राहिलं. म्हणजे जिथे सबुरी हवी तिथे ती होती. नव्हती ती सत्तेच्या वाटपात. दमास्कसचे निर्णय कैरोत व्हायला लागले, १९५९ साली नासरनं आपला मित्र आमेर याला तिथे सुभेदारासारखा नेमला. वर ओळीनं दुष्काळ. जुलै १९६१ मध्ये बँका आणि कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण आलं आणि व्यापारीही बिथरले. २८ सप्टेंबरला उठाव झाला. त्यातला प्रमुख अधिकारी नहलावी आमेरच्या स्वतःच्या कचेरीतला! आमेरला विमानात बसवून कैरोला धाडलं आणि सीरिया वेगळा झाला.

आता संयुक्त महाराष्ट्र. उदाहरण आपण दिलंत, पण ते माझ्याच कामाचं आहे. १९६० च्या आधी १९५३ चा नागपूर करार आहे. विदर्भानं यायचं तर काय मिळणार, हे आधी कागदावर घेतलं, म्हणून आजही हिवाळी अधिवेशनाला मंत्रालय नागपूरला हलतं. करार किती पाळला, हे विदर्भातल्या वाचकांना विचारू नका, ते रात्रभर बोलतील. पण भांडायला हातात कागद तरी आहे. सीरियन माणसाकडे तोही नव्हता.

अरबांनाही हे जमत नाही असं नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या घरचं कुणीतरी दुबईत आहे. दुबई ज्यात येते ते संयुक्त अरब अमिरातींचं राज्य १९७१ चं. सहा अमिरातींनी सुरुवात केली, रास अल खैमा पुढच्या वर्षी आली, बहरीन आणि कतार बोलणी करून बाजूला झाले आणि त्यांना कुणी ओढून आणलं नाही. ज्या अमिरातीत तेल, तिचीच त्याच्यावर मालकी, हे घटनेतच लिहिलंय. मोठ्या निर्णयाला सातांपैकी पाच मतं लागतात आणि त्यात अबू धाबी व दुबई हवेतच. भाषणात सांगण्यासारखं यात काही नाही, शुद्ध हिशेब आहे. पण टिकलं.

आपण विचारलंत की नासरला तरी ऐक्याची खरी ओढ होती हे मानता की नाही. मानतो. सीरिया निघून गेल्यावरही इजिप्तनं ते नाव सोडलं नाही, थेट १९७१ पर्यंत. माझ्या वहीत १९६४ चं एक तिकीट आहे. वर ‘यूएआर’च आहे. किंमत अर्थातच ‘एम’मध्ये, ‘पी’वालं तोवर छापायचंच बंद झालं होतं.