हाताने केलेल्या प्रतीला ‘नकली’ म्हणण्याआधी

नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: राजेरजवाड्यांच्या जुन्या तैलचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती घेऊ नका. अस्सल चित्र एकच असतं, बाकी सगळं नकली. बहुतेक जण प्रिंटवरच ब्रश फिरवून देतात. अशी प्रत करणं कायद्याने गुन्हा आहे. आणि त्यापेक्षा कॅनव्हास प्रिंट स्वस्तही पडते आणि हुबेहूबही असते. मी याच कामावर पोट भरते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘अस्सल एकच, बाकी नकली.’ राजघराण्यांच्या चित्रांबाबत तर हे अजिबात खरं नाही. ही चित्रं मुळात प्रती निघाव्यात म्हणूनच काढली जात. राजा एका ठिकाणी असायचा, पण त्याचा चेहरा वकिलाती, गव्हर्नरांचे बंगले, सोयऱ्यांचे महाल, सगळीकडे लागायचा. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं राज्याभिषेकाच्या पोशाखातलं चित्र ॲलन रॅमझेने काढलं. मग त्याच्या प्रती करण्यात त्याचा स्टुडिओ वर्षानुवर्षं गुंतला; शंभरावर प्रती बाहेर पडल्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगोने १७०१ मध्ये केलेलं चित्र स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवायचं होतं. राजाला ते इतकं आवडलं की त्याने ते स्वतःकडेच ठेवून घेतलं आणि नातवासाठी प्रत करायला सांगितली. ती प्रत राजाच्याच हुकमाने झाली, तिला नकली कोण म्हणणार?

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हॉल्बाइनने १५३७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात आठव्या हेन्रीचं भिंतीवर चित्र काढलं होतं. १६९८ च्या आगीत राजवाड्यासोबत तेही गेलं. ते पूर्ण चित्र रंगांसकट कसं होतं हे आज कळतं ते लेम्पुट नावाच्या चित्रकाराने १६६७ मध्ये केलेल्या छोट्या प्रतीमुळे. टिशियनने काढलेलं सम्राट पाचव्या चार्ल्सचं आणि राणी इझाबेलाचं जोडचित्रही हरवलं. ते आपल्याला दिसतं रुबेन्सने केलेल्या प्रतीत. रुबेन्ससारखा नावाजलेला चित्रकार दुसऱ्याच्या चित्रासमोर बसून प्रत करत होता, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा ध्यानात घ्यावं.

आणि आपल्या नागपूरचं काय? १८५३ मध्ये तिसरे रघूजी गेले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचं जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात काढले. या शहरातल्या एखाद्या घराला जुन्या राजाचं चित्र भिंतीवर हवंसं वाटलं, तर त्याला ‘नकलीचा शौक’ म्हणणं मला मनापासून लागतं.

‘प्रिंटवरच ब्रश फिरवतात.’ असं करणारे आहेत, हे खरं आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणून ओळखायचं कसं ते सांगते. भिंग लावून बघा: प्रिंटमध्ये रंगाचे बारीक ठिपके दिसतात. मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. प्रिंटवर पारदर्शक जेल लावलेली असेल तर ब्रशचे उंचवटे एका दिशेने सरसकट जातात; गाल, कॉलर, पार्श्वभूमी, कशाचंच भान त्यांना नसतं. खऱ्या रंगकामात फटकारा गालाच्या गोलाईबरोबर वळतो आणि रंग बदलतो तिथेच थांबतो.

सगळ्यात लवकर चुगली करतात ते गळ्यातले मोती. हाताने मोती काढताना आधी मधला राखाडी घालतात, मग एका बाजूला सावली. सावलीच्या कडेला अंगरख्याच्या रंगाची बारीक झाक येते, कारण मोत्यात शेजारचं कापड उतरतं. शेवटी पांढऱ्याचा एकच जाड ठिपका. त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं तर तो हाताला लागायला हवा.

‘कायद्याने गुन्हा आहे.’ नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. राजा रविवर्मा गेले १९०६ मध्ये. पॅरिसच्या लूव्रमध्ये तर रीतसर परवाना घेऊन चित्रकार प्रती करतात. प्रतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. गुन्हा होतो तो प्रत ‘अस्सल’ म्हणून विकली की. हयात किंवा अलीकडेच गेलेल्या चित्रकाराचं काम असेल, तर मात्र परवानगी हवीच.

‘प्रिंट जास्त हुबेहूब.’ कशाशी हुबेहूब? एकच चित्र इंटरनेटवर शोधा, एकात राजाचा शेला लाल दिसेल, दुसऱ्यात तपकिरी. प्रिंट त्यातल्या एका फोटोशी जुळते. जुन्या तैलचित्रात तळाच्या रंगावर पातळ, पारदर्शक थर चढवलेले असतात. उजेड त्यांतून आत जाऊन खालच्या रंगावरून परत येतो. त्वचेला आणि मखमलीला जो जिवंतपणा येतो तो त्यामुळे. शाई एकाच पातळीवर बसते. तेलाच्या थरांना वेळ लागतो, कारण आपल्या विदर्भातच पिकणाऱ्या जवसाचं हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पंधरा दिवसांत ‘थरांचं तैलचित्र’ देतो म्हणणाऱ्याचा संशय घ्या. पैसे कमी असतील तर प्रिंट खुशाल घ्या, तिला प्रिंट म्हणा म्हणजे झालं.

प्रत घेताना कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो मागा: रेखाटन, तळाचा रंग, चेहरा. कॅनव्हासच्या मागे मूळ चित्र कोणाचं, प्रत कोणी केली आणि कोणत्या वर्षी, हे चित्रकाराच्या सहीसकट लिहून घ्या. जो हे लिहायला कांकू करेल, त्याच्याकडून घेऊ नका.