टोलचे मेसेज आणि 1800 रुपये चेकिंग: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. घाटात गाडीने पावर सोडली, बरोबर वहिनी आणि लहान मुलं होती, मागून कंटेनर हॉर्न मारत होते, हे सगळं तुम्ही सांगितलं होतं आणि त्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटतं. फोन वेळेवर उचलला गेला नाही त्याबद्दलही सॉरी. पण बाकी जे लिहिलंय त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून नेहमीच्या कस्टमरचे पण फोन आले की काय झालं म्हणून.

तुम्ही लिहिलंय "चार दिवस गाडी ठेवली, पोरं माझी गाडी घेऊन हायवेला फिरून आली, टोलचे मेसेज आहेत माझ्याकडे, 1800 रुपये नुसते चेकिंगचे लावले, गाडी परत तशीच, लुबाडतात." एक स्टार.

आधी टोलचंच बोलतो कारण ते सगळ्यात जास्त लागलंय. हो, आनेवाडीला तुमच्या फास्टॅगमधून टोल कटला, जाताना पण आणि येताना पण. आम्ही लपवलं नाही, त्याच दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपला टाकलं होतं की गाडी खंबाटकीला टेस्टला नेतोय, टिक निळी झालेली आहे. आणि बिलाची शेवटची ओळ बघा, टोलचे पैसे वजा केलेत. पोरं फिरायला गेली असती तर तेवढे पैसे मी कशाला वजा केले असते?

आता खंबाटकीलाच का. तुमची तक्रार काय होती, गाडी गावात मस्त चालते, सपाट हायवेला मस्त चालते, पण लांब चढाला चौथ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की एकदम दम सोडते, एक्सलेटर दाबला तरी आरपीएम वर जात नाही, इंजिनचा लाइट लागतो, बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की परत काहीच झालं नाही अशी पळते. असा फॉल्ट गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर सापडत नाही साहेब. ताप उतरल्यावर पेशंट आणला तर डॉक्टर थर्मामीटर लावून काय बघणार? आम्ही आधी जवळचा म्हणून यवतेश्वरचा घाट घेतला, पण तिथे वळणंच एवढी की गाडी सारखी दुसऱ्यात, जोर लागतो आणि लगेच सुटतो, फॉल्ट आलाच नाही. तुम्हाला जिथे झालं तो खंबाटकीचा चढ, आणि तो फक्त पुण्याकडून येताना लागतो. साताऱ्याकडून गेलं की बोगदा आहे. म्हणजे बोगद्यातून पलीकडे खंडाळ्याच्या (लोणावळ्याजवळचं नव्हे, आपल्या सातारा जिल्ह्यातलं) बाजूला उतरायचं, वळायचं आणि मग घाट चढत परत यायचं. ह्याला दुसरा रस्ता नाही, आणि मध्ये आनेवाडी येतोच. गाडीत पोरं बसली होती हे पण खरं, कारण तुमच्या वेळी गाडीत सगळी फॅमिली, डिकीत सामान आणि एसी चालू होता, रिकाम्या गाडीवर तेवढा लोड पडत नाही. एक जण मांडीवर स्कॅनर घेऊन लाइव्ह डेटा रेकॉर्ड करत होता आणि एकाची नजर प्रेशर गेजवर. त्याला फिरणं म्हणत नाहीत.

आणि चार दिवस का लागले त्यात थोडा भाग तुमचाही आहे, राग मानू नका. गाडी आली तेव्हा स्कॅनर लावला तर एकही कोड नाही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फॉल्टची नोंदच नाही. लाइट लागून गेलेला आणि कोड नाही असं सहसा होत नाही, मी तुम्हाला विचारलं पण होतं, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. मग दुसऱ्या दिवशी फोनवर बोलता बोलता तुम्हीच सांगितलं की भाच्याने ते छोटं ब्लूटूथचं मशीन लावून मोबाइलवरून लाइट घालवला होता. साहेब, लाइट घालवला म्हणजे फॉल्ट गेला नाही, पुरावा गेला. कोड पडतो तेव्हा त्या क्षणाला आरपीएम किती होते, स्पीड किती, लोड किती, हे सगळं ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर साठवून ठेवतो, त्यालाच फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि कोड उडवला की तेही जातं. ते हातात असतं तर आम्ही थेट डिझेल लाइनला हात घातला असता. नसल्यामुळे सगळं पहिल्यापासून, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करतो तो) होज कुठे फाटलेत का, इजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चिकटतोय का, एक्सलेटर पेडलचं वायरिंग हलवून बघणं, फिल्टरमधलं पाणी काढून बघणं. शिवाय मध्ये रविवार होता.

खंबाटकीत मात्र फॉल्ट आला. ईसीएम मागत होता हजाराच्या वर बार रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर, आणि मिळत होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास, लगेच लिंप मोड (गाडी स्वतःच जोर कमी करते तो) आणि पी 0087 कोड, म्हणजे रेल प्रेशर कमी. आणि ग्राफवर आधी रेल प्रेशर पडलंय आणि मग बूस्ट, म्हणजे टर्बोचं हवेचं प्रेशर, उलटं नाही. काळा धूर नाही, हवा लीक झाल्याचा फुस्स आवाज नाही. हे एवढ्यासाठी लिहितोय की आमच्याकडे येण्याआधी तुम्हाला दुसरीकडे टर्बो गेलाय म्हणून 38,000 सांगितले होते, हे तुमच्याच तोंडचं आहे. टर्बो बदलला असता तरी गाडी घाटात तशीच थांबली असती. त्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत एक शब्द नाही.

टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या लाइनवर आम्ही गेज जोडून काचेवर टेपने चिकटवला होता. सपाटीला काटा तीनच्या आसपास आणि चढाला एकच्या खाली. म्हणजे हाय प्रेशर पंप नाही, इंजेक्टर नाही, डिझेलच पुढे येत नाही. मग डिझेल काढून घेतलं, मागची सीट काढून टाकीतला पंप बाहेर काढला. पंपाच्या खालच्या जाळीला काळा चिकट थर, आणि त्यावर चमकीच्या कागदाचा तुकडा, साधारण अंगठ्याच्या नखाएवढा, एका कडेला अर्धगोल आणि पाठीमागे वाळलेला गोंद. कॅनच्या तोंडाला जे सील असतं त्याचा. फोटो लगेच पाठवला तेव्हा तुमचा मेसेज आला की शेतावर ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल कधीतरी कॅननेच ह्या गाडीत ओतता. इंजिन डिझेल जास्त मागतं तेव्हा पंप जोरात ओढतो, तुकडा जाळीला चिकटतो, गाडी बंद केली की ओढ थांबते आणि तुकडा सुटतो. म्हणून दहा मिनिटांनी गाडी ठणठणीत. हे शोधायला जे काम झालं त्याचे 1800 आहेत. त्यात लेबर आलं, टेस्टचं डिझेल आलं, पार्टचा एक रुपया नाही. रेकॉर्ड केलेला लाइव्ह डेटा तुम्हाला पाठवलाय, कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला दाखवा.

"गाडी परत तशीच" ह्याबद्दल. मी तुम्हाला समोर उभं करून सांगितलं होतं की नुसता तुकडा काढून भागणार नाही, तो काळा थर पूर्ण टाकीत आहे, टाकी उतरवून धुवावी लागेल, जाळी आणि फिल्टर दोन्ही नवीन टाकावे लागतील. तुम्ही म्हणालात घाई आहे, तेवढं पुण्यात करून घेतो. आम्ही जाळी जमेल तेवढी पुसून बसवली. बिलावर लिहिलंय "टाकी क्लीनिंग व फिल्टर कस्टमरने नको सांगितले", खाली तुमची सही आहे. थर सुटून फिल्टरला जाणारच होता. मग ते काम पुण्यात केलं की नाही हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेलं नाही, तेवढं लिहाल का?

साहेब, ह्या एमआयडीसीत गॅरेज पुष्कळ आहेत. बरेच जण असा येऊन-जाऊन होणारा फॉल्ट घेतच नाहीत, कारण त्यात वेळ जातो आणि कस्टमर म्हणतो केलं काय तुम्ही. किंवा मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचं, बिल मोठं होतं पण हातात पार्ट दिसतो म्हणून कोणी भांडत नाही. मला ते जमलं नाही कधी. स्कॅनरचा हप्ता चालू आहे, पोरांचे पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, आणि हल्ली नवीन माणूस आधी स्टार बघतो मग पत्ता विचारतो. जो पोरगा स्कॅनर घेऊन बसला होता त्याने तुमचा रिव्ह्यू माझ्याआधी वाचला, मलाच विचारत होता की दादा आपण चुकलो का. मी त्याला नाही म्हणालो आणि इथे पण तेच सांगतो.

तरी तुमच्या बोलण्यातलं घेण्यासारखं घेतलंय. चेकिंग चार्जचा बोर्ड लावून घेतो, टेस्टला लांब न्यायची असेल तर आधी फोनवर स्पष्ट विचारू, नुसता मेसेज नाही. फोनसाठी पण काहीतरी व्यवस्था करतोय, सध्या हात डिझेलमध्ये असले की राहून जातं.

गाडी परत आणायची असेल तर आणा, हे चेकिंग परत लावणार नाही, टाकी आणि फिल्टरचं जे होईल तेवढंच, लेबरमध्ये बघून घेऊ. येताना टाकी भरू नका, पाव असली तरी चालेल, उतरवायला सोपं जातं. आणि लाइट लागला असेल तर भाच्याला सांगा हात लावू नको. स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, पण पोरं फिरायला गेली आणि लुबाडतात, हे दोन शब्द तेवढे काढा. सकाळी नऊच्या आत फोन केलात तर मी स्वतः उचलतो.